एका कागदावर दोन उजेड

विल्यम जॉन्सन या मुंबईत काम करणाऱ्या छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचा एक ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पहिला भाग १८६३ साली आला, दुसरा १८६६ साली. पहिल्यात गुजरात, कच्छ आणि काठेवाडची माणसं आहेत, दुसऱ्यात महाराष्ट्राची. ही मंडळी उघड्यावर, आपापल्या परिसरात उभी राहिली आणि कॅमेऱ्याने त्यांना टिपलं असं पानं उलटताना वाटतं. प्रत्यक्षात माणसं स्टुडिओत घेतलेली आहेत, मागचा देखावा वेगळ्याच निगेटिव्हवरचा आहे आणि दोन्ही मागाहून जोडलेली आहेत. म्हणजे छायाचित्रणाची कला मुंबईत जेमतेम रुळत होती, तेव्हाच डार्करूममध्ये दोन जागा एका कागदावर आणण्याचं काम आपल्याकडे सुरू झालं होतं. अतिवास्तव जोडचित्रांवरच्या या पुस्तिकेची सुरुवात म्हणूनच मी अतिवास्तववादाच्या पॅरिसपासून करत नाही, मुंबईपासून करतो.

जॉन्सनने हे का केलं असेल, हे त्या काळचं तंत्र पाहिलं की उमजतं. काचेवर ओलं कलोडियन ओतायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. बाहेर जायचं तर तंबू, रसायनं, पाणी, काचा असा सगळा संसार बरोबर न्यावा लागे. माणसांना काही सेकंद निश्चल उभं करायचं तर स्टुडिओच सोयीचा. शिवाय ते रसायन निळ्या रंगाला फार लवकर भुलायचं. त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून कोरं पांढरं होऊन जाई. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसऱ्या निगेटिव्हवरून छापले, ते याच अडचणीतून. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडरने १८५७ साली तिसेक निगेटिव्ह जोडून मानवी जीवनाच्या दोन वाटा दाखवणारं भलंमोठं चित्र रचलं. त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीने विकत घेतली. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्हमधून मरणपंथाला लागलेली मुलगी आणि तिच्याभोवतीचं कुटुंब उभं केलं, तेव्हा इतकं दुःख कॅमेऱ्याने दाखवू नये म्हणून लोक त्याच्यावर नाराज झाले. चित्रकाराने तोच प्रसंग रंगवला असता तर कुणी तक्रार केली नसती. छायाचित्र म्हटलं की माणूस त्याला घडलेली गोष्ट समजतो. जोडचित्राचं सगळं सामर्थ्य त्या विश्वासात आहे आणि सगळा धोकाही तिथेच आहे.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. तिच्या कारभारात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसं होती. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रण शिकवायला सुरुवात झाली आणि त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपले व्यावसायिक छायाचित्रकार बाहेर पडले. हा वारसा मोठा आहे. त्याच वारशात जॉन्सनचा ग्रंथही आहे, हे विसरून चालत नाही. त्याची चित्रं सुंदर आहेत. मला खटकतो तो त्यांचा दावा. माणसाला त्याच्या जागेपासून तोडून दुसऱ्या जागेवर चिकटवायचं आणि 'ही जमात अशी दिसते' असं पुरावा म्हणून मांडायचं, यात ज्याचा फोटो आहे त्याला कुणी विचारलेलं नाही. जोडचित्र खोटं की खरं, हे त्यात सांधा आहे की नाही यावरून ठरत नाही. ते काय म्हणून लोकांपुढे ठेवलं यावरून ठरतं. ही पुस्तिका लिहिताना मी हाच एक निकष धरून बसलो आहे.

त्या निकषावर दादासाहेब फाळके निर्विवाद उतरतात. ते चित्रपटाकडे आले ते छायाचित्रण, छपाई आणि जादू या तिन्ही वाटांनी. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाचे धडे घेतले, गोध्र्याला फोटोचा व्यवसाय केला आणि आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९१२ साली त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ एकेक चित्र घेत टिपली. रोप पडद्यावर डोळ्यांदेखत उगवलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लागला. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९च्या 'कालियामर्दन'च्या आरंभी फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आधी मंदाकिनी म्हणूनच दिसते आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. ही मुलगी आहे हे फाळके आधी सांगून टाकतात आणि मग तिला देव करतात. लोकांनी हात जोडले ते सगळं ठाऊक असताना. फसवणूक करणाऱ्याने तो पहिला चेहरा दाखवलाच नसता.

फाळक्यांच्या घरातली डार्करूम मात्र आपल्या लिखाणात पुरेशी आलेली नाही. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. ती भोकं अंधारात पाडायची, फिल्म धुवायची, रसायनं कालवायची, ही कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी केली. घरच्यांचा आणि कामगारांचा स्वयंपाक उरकून, रात्री. भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळातली ही डार्करूम एका मराठी बाईच्या हातांनी चालली, ही गोष्ट प्रत्येक छायाचित्र-वर्गात पहिल्या दिवशी सांगितली गेली पाहिजे.

इथे तंत्रातला एक फरक सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणं त्याच्यावर उभी आहेत. कॅमेऱ्यात एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यायचं असेल तर पहिल्या चित्रात काळी जागा राखावी लागते. काळ्या पडद्यावरून उजेड परत येत नाही, फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो आणि दुसरं चित्र तिथे बसतं. मूकपटांच्या काळातल्या ट्रिकदृश्यांना काळा पडदा लागायचा तो म्हणून. डार्करूममध्ये हे नेमकं उलटं होतं. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरचं चित्र मोठं करून पाडणाऱ्या यंत्राखाली, कागदावर उजेड पडला की कागद काळा होतो, आणि निगेटिव्हचा जो भाग दाट आहे तिथून उजेड उतरत नाही म्हणून तिथे कागद पांढरा राहतो. म्हणजे पहिल्या चित्रातलं कोरं आकाश, धुकं, चुन्याची भिंत ही दुसऱ्या चित्राची जागा. काळ्या झाडोऱ्यावर काही छापायला जाल तर ते गडप होईल. हा नियम डोक्यात बसला की माणूस कॅमेरा घेऊन बाहेर पडतो तेव्हाही वेगळं पाहू लागतो. कुठे काय आहे याच्याइतकंच कुठे काही नाही, हे तो टिपून ठेवतो.

तिसरा वारसा अनामिक आहे आणि मला सगळ्यात जवळचा आहे. तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओ. घरातला कर्ता पुरुष गेला, मागे त्याचा एक पासपोर्ट फोटो, तोही कुठल्या तरी अर्जावरून सोडवलेला. बायकोचा फोटो लग्नातल्या गर्दीतला, कोपऱ्यात. दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता. मग मुलगा ते दोन्ही फोटो घेऊन स्टुडिओत यायचा आणि दोघांना शेजारी बसवून द्या म्हणायचा. फोटोग्राफर दोन्हींची कॉपी काढायचा, डोकी एका मापाची करायचा, निगेटिव्हवर मागचा पसारा लाल रंगाने झाकायचा, बारीक पेन्सिलने चेहरा उजळायचा, गरज पडली तर अंगात कोट आणि कपाळावर कुंकू रंगवायचा, आणि जोडलेल्या चित्राचा पुन्हा फोटो घ्यायचा. असे फोटो आपल्याकडे असंख्य भिंतींवर हार घालून टांगलेले आहेत. ते जोडलेले आहेत हे घरच्यांना माहीत असतं. तरी कुणी त्यांना खोटं म्हणत नाही. चाळीस वर्षांचा संसार खरा होता, फक्त एवढ्या वर्षांत कॅमेरा घरी आला नव्हता. ही कामं करणाऱ्या कारागिरांची नावं कुठल्या प्रदर्शनात लागली नाहीत. कलेच्या इतिहासात त्यांना जागा द्यायची असेल तर ती रेलँडरच्या शेजारी द्यावी, खाली नको.

आता अमेरिकन छायाचित्रकार जेरी युल्समन. जन्म १९३४, डेट्रॉइट, निधन २०२२. फ्लोरिडा विद्यापीठात तो १९६० पासून जवळजवळ चार दशकं शिकवत होता. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६७ साली त्याचं एकट्याचं प्रदर्शन झालं. निसर्गछायाचित्रकार अन्सेल अ‍ॅडम्सच्या परंपरेत शिकवण अशी होती की शटर दाबण्याआधीच अंतिम चित्र मनात दिसलं पाहिजे. युल्समनने निर्णयाची वेळ पुढे ढकलली. चित्र डार्करूममध्येही सापडू शकतं, असं त्याचं म्हणणं. एका रांगेत अनेक एन्लार्जर मांडायचे, प्रत्येकात एक निगेटिव्ह, आणि एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली न्यायचा. त्यातून मुळांसकट अधांतरी तरंगणारी झाडं निघाली, छताच्या जागी ढग असलेली अभ्यासिका निघाली. संगणक आल्यावरही तो डार्करूममध्येच राहिला, तर त्याची एकेकाळची सहचरी मॅगी टेलर हिने त्याच जातीची चित्रं संगणकावर केली. दोघांची चित्रं पाहिली की साधनावरून वाद घालण्याची इच्छा उरत नाही.

मग आज, फोनवर बोट फिरवून आकाश बदलता येत असताना, अंधारात उभं राहायचं कशासाठी? माझं उत्तर असं आहे. पहिल्या एन्लार्जरखालून कागद उचलला की तो अगदी कोराच दिसतो. चित्र त्यात शिरलेलं असतं, पण डेव्हलपरमध्ये पडेपर्यंत ते दिसत नाही. तो कोरा कागद घेऊन तुम्ही दुसऱ्या एन्लार्जरकडे जाता आणि न दिसणाऱ्या चित्राच्या शेजारी दुसरं चित्र ठेवता. कुठे काय छापून झालंय हे तुमच्या लक्षात असतं, कागद काहीच सांगत नाही. हाताने उजेड अडवायचा, सेकंद मोजायचे, कड कुठे विरघळवायची ते बोटांनी ठरवायचं. तबलजीला सम जशी मोजून नाही तर अंगाने कळते, तसं हे हळूहळू अंगात येतं. संगणकावर प्रत्येक पाऊल समोर दिसतं आणि मागे घेता येतं. इथे पाऊल दिसत नाही आणि मागेही घेता येत नाही, म्हणून माणूस जोडण्याआधी जास्त विचार करतो. दोन निगेटिव्ह शेजारी ठेवण्याचं कारण त्याला आधी स्वतःला पटवून द्यावं लागतं.

कामाची रीत मोजक्या शब्दांत सांगतो. तपशील पुढे आहेच. दोन निगेटिव्ह निवडताना आधी उजेडाची दिशा पाहा. एकीत सूर्य डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे असेल तर एक निगेटिव्ह कॅरियरमध्ये उलटी घालून पाहा. डावं उजवं झालं की पुष्कळदा काम होतं. मग कॅमेऱ्याची उंची. बसून घेतलेला फोटो उभ्याने घेतलेल्या फोटोशी भांडतो, क्षितिज जुळत नाही. मग दाणा आणि कॉन्ट्रास्ट. ईझलवर साधा पांढरा कागद ठेवून पहिल्या चित्राच्या मुख्य रेषा पेन्सिलने काढून घ्या, तोच कागद दुसऱ्या एन्लार्जरखाली ठेवून दुसरं चित्र त्या रेषांवर बसवा. सांधा पुठ्ठ्याने साधायचा. पुठ्ठा कागदाजवळ धरला तर कड धारदार येते, भिंगाजवळ नेला तर मऊ होते. पुठ्ठा सतत किंचित हलता ठेवायचा. दुसऱ्या वेळी नेमकी उलटी बाजू झाकायची. मधल्या पट्ट्याला दोन्ही उजेड मिळतात, म्हणून तो पट्टा ठरल्यापेक्षा गडद येतो. तो आधीच फिकट ठेवायला हातालाच शिकवावं लागतं. प्रत्येक निगेटिव्हची टेस्ट स्ट्रिप वेगळी काढा आणि वेळ निगेटिव्हच्या पाकिटावर लिहून ठेवा. अंधारात आकडे आठवत नाहीत.

हे सगळं गोंदियात बसून लिहिण्याला कारण आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तळ्यांचा आहे. मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या म्हणजे छोटी तळी, आणि रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांमध्ये साचलेलं पाणी. आषाढात या भागात जमीन कमी आणि आकाश जास्त दिसतं, तेही पायाखाली. जोडचित्र करणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवं? कोरी पांढरी जागा इथे पाण्याच्या रूपाने जागोजागी पडलेली आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पुढे लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देव केलं. तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि बांध घालताना त्या बहिणींनी हातभार लावला अशी कथा आहे. टेकडी आणि बाई, पाटील आणि देव एकाच जागी पाहण्याची सवय इथल्या माणसाला आधीपासून आहे. पहाटेच्या धुक्यात नवेगावच्या टेकड्यांची निगेटिव्ह घ्या. खालचा अर्धा भाग तुमची वाट पाहत कोरा राहिलेला असेल.

मात्र याच जिल्ह्यात वर मांडलेला निकष सगळ्यात काटेकोरपणे पाळावा लागतो. दोन उदाहरणं देतो. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यत्वे गोंदियाच्या आधारावर टिकून आहे. त्याची दरवर्षी मोजणी होते. शेतकरी, पक्षीमित्र आणि वनखातं त्यासाठी पहाटे बांध्यांवर उभे राहतात. माणसाच्या उंचीचा हा पक्षी अतिवास्तव चित्रात विलक्षण दिसेल, एखाद्या वाड्याच्या ओसरीवर उभी असलेली सारसांची जोडी तर नक्कीच. ते जरूर करा. पण दोन सारसांचे चार करून ते चित्र 'आमच्या तळ्यावरचं' म्हणून फिरवलं, तर मोजणी करणाऱ्यांच्या कष्टावर पाणी पडेल. दुसरं, सालेकसा तालुक्यातलं कचारगड. माघ पौर्णिमेला तिथल्या गुहेशी देशभरातून गोंड समाज जमतो. काली कंकालीची कोंडलेली मुलं पारी कुपार लिंगोने तिथून सोडवली अशी त्यांची श्रद्धा आहे. तिथे आलेल्या एखाद्या म्हाताऱ्या यात्रेकरूचा चेहरा उचलायचा आणि आपल्या स्वप्नचित्रात हव्या त्या जागी चिकटवायचा, म्हणजे जॉन्सनच्या ग्रंथाला तिसरा भाग जोडायचा. त्या माणसाला विचारा, काय करणार ते सांगा, झालेलं चित्र त्याला दाखवा. नको म्हणाला तर निगेटिव्ह बाजूला ठेवा. या पुस्तिकेतली सगळी माणसं घरची किंवा विचारून घेतलेली आहेत.

इथल्या हवेबद्दल पुस्तकं काही सांगत नाहीत, कारण ती थंड देशांत लिहिलेली आहेत. डेव्हलपर वीस अंशांना वापरा असं डब्यावर छापलेलं असतं. मे महिन्यात गोंदियाच्या नळाचं पाणीच त्याच्या कितीतरी वर असतं. इतक्या उष्णतेत डेव्हलपर धावत सुटतो आणि फिल्मवरचं जिलेटिन फुगून मऊ पडतं, नखाने सुटतं. उपाय जुनेच आहेत. काम रात्री करायचं, ट्रे बर्फाच्या पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवायचा, हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, तुरटीचं हार्डनर घालायचं. शक्य असेल तर मोठं काम कार्तिकापासून माघापर्यंत उरकून घ्यावं आणि उन्हाळ्यात फक्त निगेटिव्ह जमवाव्यात. पावसाळ्यात भिंगाला आणि निगेटिव्हला बुरशी लागते, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. विजेचा दाब कमीजास्त झाला की एन्लार्जरचा दिवा मंद-प्रखर होतो आणि टेस्ट स्ट्रिप काढून ठरवलेली वेळ चुकते. दोन-तीन एन्लार्जरवर काम असेल तर ती चूक प्रत्येक टप्प्यावर होते, म्हणून स्टॅबिलायझर घ्याच. एन्लार्जर एकच असेल तरी अडत नाही. निगेटिव्ह बदलत काम करता येतं, फक्त कागद काळ्या पाकिटात ठेवून प्रत्येक वेळी जागा पुन्हा जुळवावी लागते. वेळ लागेल, बाकी काही बिघडणार नाही.

कागदाचा प्रश्न खरा आहे. उटीजवळच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' कागद एके काळी गावोगावच्या स्टुडिओंत असायचा. १९६० साली स्थापन झालेली ती कंपनी आता बंद पडली आहे आणि ब्रोमाइड पेपर बाहेरून येतो, महाग पडतो. म्हणून पहिल्या दोन प्रकरणांतले सगळे सराव कापलेल्या पट्ट्यांवर आखले आहेत. पूर्ण कागद तिसऱ्या प्रकरणात लागेल.

वापरलेला हायपो मोरीत किंवा बोडीत ओतू नका. त्यात चांदी विरघळलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना बाधते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये तो साठवा, त्यात भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी टाकून काही दिवस ठेवा. चांदी तारेवर काळी होऊन बसते. तो गाळ वेगळा काढायची आणि जुना हायपो संपला की नाही ते तपासायची रीत शेवटच्या प्रकरणात दिली आहे. ते प्रकरण मात्र आधी वाचा, मग ट्रे मांडा.